गिअर नवा बसवला, तरी गॅरेजचं दार कण्हतंच होतं

सगळ्यात आधी त्या पांढऱ्या भुग्याबद्दल सांगते, कारण सुरुवात तिथून झाली. एका सकाळी बटण दाबलं तर छताला लटकलेल्या ओपनरच्या, म्हणजे बटणावर दार उघडबंद करणाऱ्या यंत्राच्या डब्यातून मोटरचा आवाज येतोय, व्यवस्थित फिरतेय असा, आणि चेन मात्र जागची हलत नाहीये. दार बंद, गाडी आत, दोघांनाही वेळेवर निघायचं होतं. ओपनरची लाल दोरी ओढून दार ट्रॉलीपासून, म्हणजे चेनबरोबर सरकत दार ओढणाऱ्या तुकड्यापासून, सोडवलं आणि नवऱ्याने आणि मी मिळून ते हाताने वर ढकललं. जड लागलं, खूपच जड. पण त्याआधी ते दार आम्ही कधी हाताने उचललंच नव्हतं, त्यामुळे गॅरेजचं दार म्हणजे असंच असणार असं दोघंही धरून चाललो. गाडी बाहेर काढली आणि दार खाली घेताना शेवटचा फूटभर ते हातातून सुटलं आणि दाणकन आदळलं. तेव्हाही डोक्यात काही आलं नाही. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

संध्याकाळी प्लग काढून, शिडी लावून डब्याचं कव्हर उघडलं तर आत सगळीकडे पांढरा भुगा, ग्रीसमधे कालवलेला. चेनवाला ओपनर ज्यांच्याकडे आहे त्यांना हे कधीतरी दिसणारच आहे म्हणून नीट सांगते. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असलेला वर्म असतो, तो एका प्लास्टिकच्या गिअरला फिरवतो, त्या गिअरचा उभा दांडा वर जातो आणि त्याच्या टोकाला चेन ओढणारं दातेरी चाक, स्प्रॉकेट, असतं. म्हणजे मोटरची सगळी ताकद त्या एका प्लास्टिकच्या गिअरच्या दातांमधून दारापर्यंत जाते. कुठेतरी जास्त जोर पडायला लागला की आधी तेच दात झिजतात. माझ्या गिअरला एका बाजूने दात होते आणि एका बाजूने अगदी गुळगुळीत झाला होता, वर्म त्याच्यावरून नुसता घसरत होता, म्हणून मोटरचा आवाज येत होता आणि चेन गप्प होती.

निदान बरोबर होतं. त्याचा आनंद इतका झाला की पुढचा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही, की इतकी वर्षं टिकलेला गिअर आत्ताच का झिजला.

किट मागवलं. त्यात नवा गिअर, दांडा आणि स्प्रॉकेट जोडूनच, नवा वर्म, बेअरिंग, पिना आणि ग्रीसची छोटी पुडी. वर्म पण बदलाच, जुन्या वर्मवर नवा गिअर चढवला तर तो लवकर खराब होतो कारण जुन्याच्या आट्यांना आधीच कडा पडलेल्या असतात. कामात अवघड जागा दोनच आहेत. एक म्हणजे वर्म धरून ठेवणारी ती बारीक पोकळ पिन, रोल पिन म्हणतात ती, ती पंच लावून हातोडीने ठोकून काढायची असते आणि ठोकताना दांड्याच्या खाली लाकडाचा ठोकळा द्यावाच लागतो, नाहीतर मोटरचा दांडा वाकतो आणि मग गिअर बदलून काही उपयोग नाही. दुसरी म्हणजे वर्मच्या टोकाला बसवलेली एक छोटी प्लास्टिकची वाटी, तिच्या कडेला खाचा असतात. ती अलगद ओढून काढायची, बाजूला ठेवायची आणि परत बसवायची. मी बाजूला ठेवली आणि परत बसवली पण, पण कशी बसवली ते पुढे येतंच. अजून एक, आत जो गोल डबीसारखा कपॅसिटर असतो त्याच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

दोन तास लागले. सगळं बंद करून, चेन परत स्प्रॉकेटवर चढवून, ताण देऊन, प्लग लावला आणि बटण दाबलं. दार अजून ट्रॉलीला जोडलं नव्हतं, मुद्दामच, कारण पहिली चाचणी नुसत्या चेनची घ्यावी, वजन नसताना. चेन फिरली! एक सेकंद, दोन सेकंद, आणि बंद. दिवा लुकलुकायला लागला. परत दाबलं, परत तेच, साधारण वीतभर ट्रॉली सरकते आणि थांबते.

मला पहिल्यांदा वाटलं ओपनरचा सर्किट बोर्ड गेला. बहुतेकांना तेच वाटतं आणि बहुतेक जण इथेच नवा बोर्ड मागवून बसतात. पण जरा विचार केला तर, दुरुस्तीच्या आधी मोटर हवी तितका वेळ फिरत होती, फक्त चेन हलत नव्हती. आता चेन हलते पण मोटर थांबते. बोर्डला मी हातच लावला नव्हता. हात कशाला लावला होता? वर्म, गिअर, चेन, आणि ती खाचांची वाटी.

तर ती वाटी म्हणजे या ओपनरचा स्पीडोमीटर आहे. तिच्या दोन्ही बाजूंना एक छोटा सेन्सर असतो, एका बाजूने प्रकाश सोडतो, दुसऱ्या बाजूने पकडतो. वाटी फिरली की खाचांमुळे प्रकाश तुटत जातो आणि बोर्डला त्यावरून कळतं की मोटर फिरतेय आणि किती वेगाने फिरतेय. मोटरला वीज दिली आणि हे प्रकाशाचे ठोके आलेच नाहीत, तर बोर्ड समजतो की काहीतरी अडकलंय, आणि सेकंद-दोन सेकंदांत वीज तोडतो. दार खाली येताना वाटेत कुणी आलं, मोटरचा वेग पडला, ठोके लांबले, तर तेही याच वाटीवरून कळतं आणि दार उलटं फिरतं, निदान माझ्या जातीच्या ओपनरमधे तरी असंच आहे. म्हणजे इतकी महत्त्वाची ती वाटी आणि दिसायला बाटलीच्या झाकणाएवढी.

परत प्लग काढला, परत उघडलं. वाटी पूर्ण आत गेली नव्हती, दोन-तीन मिलीमीटर बाहेर राहिली होती, त्यामुळे खाचा सेन्सरच्या मधून जातच नव्हत्या. आणि सेन्सरच्या एका बाजूला ग्रीसचा टिपका पण होता, पुडीतलं सगळं ग्रीस मी मोकळ्या हाताने भरलं होतं त्याचा परिणाम. सेन्सर कापसाच्या काडीने पुसला, वाटी अंगठ्याने दाबून टेकवली, आणि यावेळी चेन पूर्ण इकडून तिकडे फिरली. तुमचा ओपनर दुरुस्तीनंतर थोडासा हलून थांबत असेल तर बाकी काहीही करायच्या आधी ही जागा बघा, वाटी, सेन्सर आणि सेन्सरचा प्लग, तो छोटा असतो आणि काम करताना सहज सैल होतो.

आता दार जोडलं. इथून खरा त्रास सुरू झाला.

दार वर जाताना कण्हत होतं, म्हणजे मोटरचा आवाज खाली जायचा, घोगरा व्हायचा, आणि दार अगदी हळू चढायचं. खाली मात्र झपाट्याने यायचं, जमिनीला टेकायचं आणि लगेच परत वर निघायचं. "आई, ते परत वर गेलं," असं लेक प्रत्येक वेळी सांगत होती, ती बाजूला पायरीवर बसून बघत होती. मी परत बटण दाबायचे, परत तेच. वर जाताना एकदा फूटभर चढून थांबलं.

या टेकून-परत-वर प्रकाराचं कारण दुरुस्तीनंतर बहुतेक वेळा लिमिट असतं. ओपनरला दार दिसत नाही. चेन किती सरकली हेच त्याला माहीत असतं, आणि वर कुठे थांबायचं नि खाली कुठे थांबायचं या दोन खुणा त्याच्या आत ठरवलेल्या असतात. मी चेन काढून परत चढवली तेव्हा ट्रॉली तिच्या सरकायच्या पट्टीवर, रेलवर, जरा इकडे होती आणि आतली खूण जरा तिकडे होती, दोघांचं जुळत नव्हतं. त्यामुळे दार जमिनीला टेकलं तरी ओपनरच्या हिशोबाने अजून चार इंच खाली जायचं बाकी होतं. तो ढकलत राहायचा, जमीन काही सरकणार नाही, मोटरचा वेग पडायचा, आणि त्याला वाटायचं खाली कुणीतरी आहे. मग तो दार वर घ्यायचा. त्याने जे केलं ते अगदी बरोबर केलं. चुकीची माहिती त्याला मी दिली होती. चेन काढायच्या आधी स्प्रॉकेटवर, चेनवर आणि ट्रॉली रेलवर जिथे आहे तिथे मार्करने तीन खुणा केल्या असत्या तर हा भाग आलाच नसता.

माझ्या डब्याच्या बाजूला लिमिटचे दोन स्क्रू आहेत, एक वरचा एक खालचा, एक पूर्ण फेरा म्हणजे दाराचा साधारण दोन इंचांचा फरक. त्यांच्या शेजारीच अजून दोन आहेत, फोर्सचे. आणि इथे मी ते केलं जे करायला नको होतं. दार वर जाताना कण्हतंय, मधेच थांबतंय, म्हणून मी वरचा फोर्स वाढवला. थोडा, मग अजून थोडा. दार चढलं. नवरा म्हणाला, "अगं झालं की." मला पण क्षणभर झालं असंच वाटलं. मग खाली येताना दार टेकून परत वर जातंय त्यावर लिमिट हळूहळू जुळवायला लागले, पाव फेरा फिरवायचा, बटण दाबायचं, बघायचं, परत पाव फेरा. सात-आठ वेळा झालं असेल, आणि मोटर एकदम गप्प. दिवा लागतो, क्लिक असा आवाज येतो, बाकी काही नाही.

त्यावेळी खरंच रडू यायला आलं होतं. पण हे पण कळून घेण्यासारखं आहे. अशा मोटरच्या आत गरम झाल्यावर आपोआप तुटणारा एक स्विच असतो, मोटर जळू नये म्हणून. घरात दिवसातून चार-सहा वेळा चालायच्या हिशोबाने ती बनवलेली असते, मी तिला पंधरा मिनिटांत पंधरा वेळा चालवलं होतं, आणि तेही ओढून धरलेल्या दारासकट. अशा वेळी काहीही उघडायचं नाही, वीस मिनिटं ते अर्धा तास सोडून द्यायचं, थंड झाली की परत चालते. मी खाली उतरले आणि शिडीच्या पायरीवर बसून दाराकडे बघत राहिले.

आणि तेव्हा दिसलं. दाराच्या वर भिंतीला लागून एक आडवा लोखंडी दांडा आहे, त्यावर दोन जाड स्प्रिंग आहेत, एक डावीकडे एक उजवीकडे. उजवीकडच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमधे दोन बोटं जातील एवढी फट होती. बाकी सगळे वेढे एकमेकांना चिकटून आणि मधेच ती फट. तुटलेली. मी नवऱ्याला हाक मारली, "अरे हे बघ," आणि त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "मागे रात्री गॅरेजमधे काहीतरी पडल्याचा आवाज आला होता, आठवतंय?" आठवत होतं. गोळी सुटल्यासारखा आवाज, आम्ही दोघंही उठून बघून आलो होतो, खाली काही पडलेलं दिसलं नाही म्हणून परत झोपलो. वर कुणी बघितलंच नाही.

तिथे बसल्या बसल्या सगळं ओळीने लागलं. आपण समजतो दार ओपनर उचलतो. नाही उचलत. दोन गाड्यांचं स्टीलचं दार सहज सत्तर-ऐंशी किलोच्या वर भरतं, ते वजन स्प्रिंग तोलून धरतात, दार खाली येतं तेव्हा केबल दांड्याला फिरवतात आणि स्प्रिंग पिळल्या जातात, दार वर जाताना तोच पीळ उलगडतो आणि दार उचललं जातं. ओपनर फक्त एका बाजूला जरासं ढकलतो, बास. दोनपैकी एक स्प्रिंग गेली म्हणजे निम्म्याच्या आसपास वजन ओपनरवर आलं. म्हणून दार जड लागलं. म्हणून ते हातातून सुटून आदळलं. म्हणून गिअरचे दात गेले. म्हणून नवा गिअर बसवल्यावरही मोटर कण्हत होती, आणि मी फोर्स वाढवून त्या नव्या गिअरलाही त्याच वाटेला लावत होते. गिअर झिजणं हा आजार नव्हताच, ती खूण होती, आणि मी दोन तास शिडीवर उभी राहून ती खूण बदलली.

म्हणून आता कळकळीने सांगते, ओपनरचं कव्हर उघडायच्या आधी दाराचा तोल बघा. दार पूर्ण बंद असताना, आणि बंद असतानाच, लाल दोरी ओढायची. वर असताना ओढायची नाही, स्प्रिंग तुटलेली असली तर ते सगळं वजन एकदम खाली येऊ शकतं, आणि खाली कोण असेल सांगता येत नाही. मग दार हाताने उचलायचं. तोल बरोबर असेल तर एका हाताने उचलता येतं आणि कमरेएवढ्या उंचीला सोडलं तर तिथेच थांबतं, थोडं इकडेतिकडे सरकेल फार तर. जड लागलं, सोडल्यावर खाली धावलं, किंवा उलट वरच पळालं, तर ओपनरमधे काहीही दुरुस्त करत बसू नका, आधी स्प्रिंगचं बघा. मिनिटभराचं काम आहे आणि मी ते केलं नाही.

स्प्रिंगला मात्र मी हात लावला नाही आणि लावणारही नाही. गिअर, चेन, सेन्सर, वायर, हे सगळं घरी करण्यासारखं आहे असं माझं मत अजूनही आहे. पण पिळलेल्या स्प्रिंगमधे अख्ख्या दाराचं वजन उचलण्याएवढी ताकद साठवलेली असते, आणि तिला धरून ठेवणारे स्क्रू चुकीच्या पद्धतीने सैल केले तर ती सगळी ताकद हातातल्या पान्यातून हाताला मिळते. माणसांची बोटं, मनगटं, दात गेलेत अशाने. दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांत जिथे केबल अडकवलेली असते त्या ब्रॅकेटचं पण तसंच, तिथले स्क्रू साधे दिसतात पण त्यांच्यावर पूर्ण ताण असतो. या तीन जागांना, स्प्रिंग, तिचे स्क्रू आणि खालचे ब्रॅकेट, कितीही सोपं वाटलं तरी हात नाही. दार बंद ठेवलं, ओपनरचा प्लग काढला, लेकीला सांगितलं की गॅरेजमधे जायचं नाही, आणि स्प्रिंगचं काम करणाऱ्या माणसाला बोलावलं.

त्याने दोन्ही स्प्रिंग बदलल्या, तुटलेली एकच असली तरी. कारण दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या, एकीचे फेरे संपले म्हणजे दुसरीचेही संपत आलेले. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० वेळा उघडझाप एवढं धरतात. दिवसातून चार वेळा दार चाललं तर सात वर्षांच्या आत संपलं. आमच्या घरातला हिशोब केला तर अगदी जुळला. तो दोन लोखंडी गज घेऊन पाव-पाव फेरा स्प्रिंग पिळत होता, एक गज आत बसल्याशिवाय दुसरा काढत नव्हता, आणि पूर्ण वेळ शरीर बाजूला ठेवून उभा होता. ते बघताना मला पटलं की हे बघून शिकण्याचं काम नव्हे. झाल्यावर त्याने मला दार उचलायला सांगितलं. एका हाताने उचललं. कमरेवर सोडलं, थांबलं तिथेच. इतकी वर्षं त्या घरात राहून ते दार खरं कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचं मग सोपं होत गेलं. सगळ्यात आधी फोर्सचे स्क्रू मी होते तिथे परत आणले, आणि मग त्याहीपेक्षा थोडे कमी केले, दार जेमतेम पूर्ण जाईल एवढ्यावर. फोर्स हा दाराचा जोर वाढवायचा स्क्रू नाहीये, दाराखाली काही आलं तर किती दाबल्यावर थांबायचं हे ठरवणारा आहे. तो वाढवला म्हणजे दाराखाली सापडलेल्याला जास्त दाबायची परवानगी दिली. आठ वर्षांची मुलगी बाजूला बसलेली असताना मी तो वाढवला होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग लिमिट. आधी वरची, दार पूर्ण उघडेल पण ट्रॉली रेलच्या टोकाला असलेल्या बोल्टवर आदळणार नाही अशी. आदळत राहिली तर परत गिअरच झिजतो. मग खालची, दाराचं खालचं रबर जमिनीवर जरासं दाबलं जाईल आणि मोटर तिथेच थांबेल अशी. यावेळी दोन-तीन प्रयत्नांनंतर मधे दहा मिनिटं सोडत होते. चेनचा ताणही तेव्हाच बघितला, दार बंद असताना मधोमध चेन रेलच्या तळापासून साधारण अर्धा इंच वर राहील इतकी सैल. लोक चेन तारेसारखी ताणतात, मी पण ताणली होती, त्याने स्प्रॉकेटवर आणि दांड्याच्या बेअरिंगवर कायम ओढ राहते.

वाटलं संपलं. संध्याकाळी बटण दाबलं तर दार दोन फूट खाली येऊन परत वर, आणि दिवा लुकलुकतोय. पण आता मला आवाजावरून कळत होतं की हे वेगळं आहे. मोटर दमत नव्हती, दार कुठे टेकतही नव्हतं, मधेच निर्णय बदलल्यासारखं उलटं फिरत होतं. भिंतीवरचं बटण दाबून धरून ठेवलं तर मात्र पूर्ण बंद व्हायचं. हे एकच लक्षण पुरेसं आहे, दाराच्या दोन बाजूंना जमिनीजवळ जे दोन डोळे असतात त्यांचं काहीतरी बिनसलंय. बटण दाबून धरलं की ओपनर समजतो माणूस समोर उभा राहून बघतोय, आणि डोळ्यांचं ऐकत नाही. रिमोटने तसं होत नाही, आणि होऊही नये.

एका डोळ्यातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो पकडतो. मधे काही आलं की दार खाली येत नाही. जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर बसवायचे नाहीत, कारण रांगणारं मूल किंवा मांजर खालून निसटून जाईल. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरवर असं काहीतरी दुसरं संरक्षण असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्याआधी लहान मुलं दाराखाली सापडून गेलेली आहेत म्हणून. त्यामुळे डोळे त्रास देतात म्हणून दोन्ही एकमेकांसमोर चिकटवून वर छताला बांधून टाकणं, असं केलेलं मी स्वतः बघितलंय, ते प्लीज करू नका.

माझ्या डोळ्यांवर बारीक दिवे आहेत, पाठवणाऱ्यावर पिवळा, पकडणाऱ्यावर हिरवा. पिवळा कायम चालू होता. हिरवा दार उभं असताना चालू, दार हलायला लागलं की थरथरायचा. शिडी आतबाहेर नेताना कधीतरी तिचा पाय उजव्या ब्रॅकेटला लागला होता, तो जरासा वाकला होता आणि नेम अगदी काठावर आला होता. उभं असताना किरण कसाबसा पकडला जायचा आणि दाराच्या कंपनाने निसटायचा. ब्रॅकेट सरळ केला, दोन्ही डोळ्यांच्या मधे दोरा ताणून उंची जुळवली, नट हाताने घट्ट केला, काच मऊ कापडाने पुसली. हिरवा स्थिर झाला. वायरही पूर्ण तपासली, कारण भिंतीवर ठोकलेली पिन वायरच्या आरपार गेली तरी अगदी असंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत एकदा दार अडलं, तेव्हा खाली वाकून बघितलं तर ऊन थेट पकडणाऱ्या डोळ्यात जात होतं. दोन्ही डोळ्यांची अदलाबदल केली, पकडणारा सावलीच्या बाजूला, त्यानंतर अडलं नाही.

सगळ्यात शेवटची चाचणी लेकीला समोर उभं करून दाखवली, लांबून. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराखाली मधोमध आडवी ठेवली आणि दार सोडलं. दार फळीला टेकलं आणि दोन सेकंदांच्या आत उलटं वर गेलं पाहिजे, गेलं. मग दार खाली येत असताना डोळ्यांच्या मधे झाडू धरला, गेलं वर. ही फळीची चाचणी आता दर महिन्याला करायची ठरवलीय आणि लेकीने ती आपल्याकडे घेतलीय, बटण मी दाबणार आणि फळी ती मोजून ठेवणार.

जुना गिअर मी टाकला नाहीये, डब्याच्या कव्हरला आतून चिकटवून ठेवलाय आणि शेजारी मार्करने तारीख लिहिलीय, गिअरची एक आणि स्प्रिंगची एक. कव्हर लावताना आतला जुना बल्ब उडालेला दिसला म्हणून घरात होता तो एलईडी लावला, तर रिमोट अंगणातून चालेनासा झाला, अगदी दाराजवळ आल्यावरच ऐकतो. काही एलईडी बल्बच्या आतल्या सर्किटमुळे रिमोटच्या रेडिओ सिग्नलमधे खरखर येते, बल्ब काढला की रिमोट परत लांबून चालतो, तेवढं बघून झालंय. ओपनरसाठी म्हणून वेगळे बल्ब मिळतात तो मागवलाय, येईपर्यंत गॅरेजमधे टॉर्च टांगून ठेवलाय.